कीबोर्ड, लॅपटॉप आणि मिडी: कुठली वायर कुठे जाते?

वाळपईवाली
नमस्कार मंडळी. मी गोव्यात सत्तरी तालुक्यात मुलांना पेटी शिकवते आणि देवळांच्या उत्सवात होणाऱ्या नाटकांना ऑर्गनची साथ करते. खरा पायऑर्गन आता मिळत नाही आणि मिळाला तरी टेंपोत घालून गावोगाव नेता येत नाही, म्हणून कीबोर्ड.

माझ्याकडे दोन आहेत. एक जुना, ६१ पट्ट्यांचा. पट्ट्यांना अजून छान वजन आहे, पण आतले आवाज ऐकवत नाहीत. मागे पाच पिनांची दोन गोल सॉकेटं, मिडी इन आणि मिडी आउट (मिडी म्हणजे वाद्यं एकमेकांना आणि संगणकाला जोडायची पद्धत). दुसरा नवा. आवाज सुरेख, पण पट्ट्या अगदी हलक्या. मागे गोल सॉकेट नाहीच, फक्त यूएसबी. मला जुन्यावर बोटं ठेवून नव्याचा ऑर्गन वाजवायचाय. शिवाय मुलांचं वाजवणं लॅपटॉपवर नोंदवायचंय, म्हणजे कुठे चुकलं ते त्यांना दाखवता येईल. जमलं तर टॅबही जोडायचाय.

एका बाजूला यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला दोन गोल पिना असलेली वायर आणली. लॅपटॉपला लावली की दिवा लागतो, पण लॅपटॉपमधून आवाज काही येत नाही. काय करू?

काजूबी
पट्टी दाबल्यावर दिवा लुकलुकतो का? नसेल तर दोन्ही गोल पिना अदलाबदल करून बघा.

सर्किट म्हापसा
काजूबी बरोबर सांगतायत. एकाचं आउट नेहमी दुसऱ्याच्या इनमध्ये जातं, हा नियम. घोळ या वायरींवरच्या छपाईचा. काहींवर 'इन' म्हणजे 'कीबोर्डच्या इनमध्ये घाला', तर काहींवर 'ही वायरीची आत येणारी बाजू', म्हणजे ती कीबोर्डच्या आउटमध्ये जाते. दोन्ही तऱ्हेचा माल बाजारात आहे. छपाईकडे बघूच नका, दिव्याकडे बघा.

उलट लावल्याने काही जळेल ही भीती नको. मिडी इनच्या मागे ऑप्टोआयसोलेटर असतो. येणारा करंट आत एक बारीक एलईडी पेटवतो आणि पलीकडचा सेन्सर तो उजेड वाचतो. दोन यंत्रांमध्ये विजेची सरळ जोडणीच नसते. पाचांपैकी पिनाही तीनच वापरात: ४ आणि ५ वर संदेश, २ वर शील्ड.

वाळपईवाली
अदलाबदल केली. आता पट्टी दाबली की दिवा लुकलुकतो! आवाज मात्र अजून नाही.

अंत्रुजकर
ताई, वायर चालू झाली. आता मूळ गोष्ट सांगतो, कारण नव्वद टक्के लोक इथेच अडकतात. मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही. एक थेंबही नाही. जातात त्या सूचना.

तुम्ही मधला सा, म्हणजे पांढरी एक दाबली की जुना कीबोर्ड तीन बाइट पाठवतो. पहिल्यात 'पट्टी दाबली' आणि चॅनेल क्रमांक, दुसऱ्यात कुठली पट्टी ते (मधल्या सी चा नंबर ६०), तिसऱ्यात किती जोरात ते, १ ते १२७ मध्ये. पट्टी सोडली की तसाच दुसरा निरोप. पट्ट्यांना ० ते १२७ नंबर, चॅनेल १६. बस. स्वरलिपीचा कागद जसा स्वतः गात नाही, कुणीतरी गावा लागतो, तसंच हे. तुमचा लॅपटॉप कागद वाचतोय, पण गाणारा अजून बसवलेला नाही.

म्हणून कुठलीही जोडणी करण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: आवाज कोण काढणार? लॅपटॉपने काढायचा असेल तर त्यात वाद्याचं सॉफ्टवेअर हवं. सेटिंग्जमध्ये मिडी इनपुट म्हणून तुमच्या वायरीचं नाव निवडा, एक ट्रॅक उघडा, त्यावर वाद्य ठेवा, ट्रॅक रेकॉर्डसाठी सज्ज करा. मग वाजेल.

रातराणी
आणि वाजलं की पहिली तक्रार येणार, 'पट्टी आधी, आवाज मागाहून'. आधीच सांगून ठेवते, तो दोष मिडीचा नव्हे. मिडी सेकंदाला ३१,२५० बिट नेते, बाइटला १० बिट पडतात, म्हणजे एका स्वराचा निरोप एका मिलिसेकंदाच्या आत पोचतो. उशीर होतो तो लॅपटॉपचा आवाज बाहेर पडताना. ऑडिओच्या सेटिंगमध्ये बफर (बाहेर पडण्याआधी आवाज जिथे साठतो ती जागा) १०२४ असेल तर ४४,१०० च्या दराने नुसते तिथेच २३ मिलिसेकंद जातात. १२८ केला की तीनच्या खाली. विंडोजवर असाल तर असिओ नावाचा, उशीर कमी करणारा ड्रायव्हर घाला, मॅकवर वेगळं काही लागत नाही.

दुसरं, ब्लूटूथ स्पीकर अजिबात लावू नका. गाणी ऐकायला तो ठीक, पण हाताखालच्या पट्टीचा आवाज त्यातून इतका मागे पडतो की साथ अशक्य. साधी वायर लावा किंवा हेडफोन.

काजूबी
माझं वेगळं मत. ही गोल पिनांची भानगड आता सोडून द्यावी. ताईंच्या नव्या कीबोर्डला यूएसबी आहे, तोच लॅपटॉपला लावा. एक वायर, बहुतेकांना ड्रायव्हरही लागत नाही, संपलं.

तेरेखोल
एक वायर, आणि मंडपात जनरेटर सुरू झाला की एक घुंईंई.

सर्किट म्हापसा
तेरेखोलबाब थट्टेत खरं बोलले. यूएसबीतून दोन्ही यंत्रांचं ग्राउंड एक होतं. लॅपटॉपचा चार्जर लावलेला, कीबोर्डचा ऑडिओ मिक्सरला गेलेला, की ग्राउंड लूप तयार होतो आणि स्पीकरमध्ये गुणगुण येते. गोल मिडीत ऑप्टोआयसोलेटरमुळे हा रस्ताच बंद असतो. शिवाय गोल वायर १५ मीटरपर्यंत नेता येते, साधी यूएसबी पाच मीटरच्या पुढे कुरकुरते. रंगमंचाच्या एका बाजूला वादक आणि दुसऱ्या बाजूला मिक्सर असेल तर हा फरक मोठा आहे.

यूएसबीवर गुणगुण आली तर आधी चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. थांबली तर कारण सापडलं.

अंत्रुजकर
काजूबी, गोल पिना सोडून द्या म्हणणं मला पटत नाही. ताईंच्या बोटांना जुन्या पट्ट्या आवडतात, हीच तर सगळी गरज आहे. मिडीचं मोठेपण त्यातच आहे. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीने बोलले. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांनी पुढाकार घेतला. स्पर्धक असून त्यांनी मोजमाप एक ठेवलं आणि ते सगळ्यांना खुलं केलं. दोघांना त्याबद्दल २०१३ साली टेक्निकल ग्रॅमी मिळालं. तेव्हाचं वाद्य आजच्या लॅपटॉपशी बोलतं, आणि तेही मधे एक साधी वायर घालून! संगणकाच्या दुनियेत दुसरी कुठली गोष्ट इतकी टिकली?

काजूबी
मान्य. टिकाऊपणाबद्दल वाद नाही.

बाणावलीचा ऑर्गनिस्ट
नमस्कार. मी सासष्टी तालुक्यातला, चर्चच्या कोयरला साथ करतो. मराठी वाचतो चांगलं, लिहिताना कोंकणी मधे आली तर सांभाळून घ्या.

ताई, यूएसबी दोन तऱ्हेचं असतं ते बघा. चौकोनी भोक, वर 'टू होस्ट' लिहिलेलं, ते संगणकाला जोडायचं. चपटं, 'टू डिव्हाइस' लिहिलेलं, ते बहुतेक वेळा पेन ड्राइव्हसाठी. आमच्या इथे एकाने चपट्या भोकातून लॅपटॉप जोडायचा खूप प्रयत्न केला, कसा चालणार?

आणि दोन कीबोर्ड यूएसबीने एकमेकांना सरळ जोडता येत नाहीत. यूएसबीत एक यजमान लागतो, होस्ट. दोन्ही कीबोर्ड पाहुणे. मधे लॅपटॉप, टॅब किंवा छोटा यूएसबी मिडी होस्ट बॉक्स पाहिजेच. गोल पिनांत असा यजमान-पाहुणा भेद नाही, आउट टू इन, झालं.

वाळपईवाली
देव बरें करूं, ऑर्गनिस्टबाब. म्हणजे माझ्या दोघांच्या मधे लॅपटॉप यायलाच हवा. हे कुणी दुकानात सांगितलं नव्हतं.

दरम्यान सॉफ्टवेअर बसवलं, वाद्य ठेवलं, आवाज आला! पण जुन्या कीबोर्डवर प्रत्येक स्वर दोनदा वाजतो. एक कीबोर्डचा, एक लॅपटॉपचा, आणि दोन्ही जरा मागेपुढे.

बाणावलीचा ऑर्गनिस्ट
लोकल कंट्रोल ऑफ करा. कीबोर्डच्या मेनूत मिडी किंवा फंक्शनमध्ये मिळेल. मग पट्ट्यांचा आतल्या आवाजाशी संबंध तुटतो, निरोप फक्त बाहेर जातो. मेनूत नसेल तर सॉफ्टवेअरमधून कंट्रोल चेंज (वाद्याची सेटिंग बदलणारे, नंबर दिलेले निरोप) १२२ ला शून्य पाठवा. एवढ्यापुरतं नुसता कीबोर्डचा आवाज शून्य केला तरी चालतं.

आणि लॅपटॉप काढल्यावर कीबोर्ड मुका झाला तर घाबरू नका, लोकल परत ऑन करा.

चिकाळ
आमच्या मंडळात नेमकं हेच झालं होतं. आरतीच्या आधी कीबोर्ड मुका. सगळे फ्यूज तपासत बसले होते.

मांडवीकाठी
मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो. पेटी शिकवणाऱ्याने हे सगळं करावं का? कीबोर्डवर मींड नाही, आणि स्वर बारा समान तुकड्यांत कापलेले. मुलांचा कान त्यावर घडला तर शुद्ध गंधार कधी ऐकू येणार?

अंत्रुजकर
मांडवीकाठी, हीच हरकत पेटीवरही होती. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत टिकली, आणि कारणं हीच, मींड नाही आणि श्रुती नाहीत. तरी आपल्याकडे पेटीशिवाय भजन उभं राहत नाही.

आणि तंत्र या बाबतीत पेटीपेक्षा पुढे गेलंय. पिच बेंडच्या चाकाला १६,३८४ पायऱ्या असतात, म्हणजे स्वर वळवताना तो तुटत नाही. अडचण इतकीच की ते चाक अख्खं चॅनेल वळवतं, एकटा स्वर नव्हे. त्यासाठी २०१८ मध्ये एमपीई आलं, त्यात प्रत्येक स्वराला वेगळं चॅनेल देतात. २०२० च्या मिडी २.० मध्ये तर दर स्वराची वेगळी मींड मुळातच आहे. सॉफ्टवेअरमध्ये गंधार १४ सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) खाली उतरवून तानपुऱ्याबरोबर लावता येतो. पेटीत त्यासाठी सुराची पत्ती कानशीने घासावी लागते.

मांडवीकाठी
१४ सेंट उतरवलेला गंधार मुलांना समान गंधाराशेजारी ऐकवता येत असेल तर माझी हरकत मी मागे घेतो. तो फरक शब्दांत शिकवता येत नाही.

तेरेखोल
पेटीवाल्यांनी एक गोष्ट जरूर करावी: टच रिस्पॉन्स बंद. पेटीची पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज वाढत नाही, वाढतो तो भात्याने, आणि वाजणारे सगळे स्वर एकदम वाढतात. पियानोसारखा जोर धरला तर पेटीचा सॅम्पलही (रेकॉर्ड केलेला खरा आवाज) पेटीसारखा लागत नाही. भात्याचं काम मिडीत कंट्रोल चेंज ११ करतो, एक्सप्रेशन. कीबोर्डला एक्सप्रेशन पेडलचं भोक असेल तर पायाने, नाही तर एखादी फिरकी ११ ला जोडून डाव्या हाताने. सस्टेनच्या भोकात एक्सप्रेशन पेडल बहुधा चालत नाही, सस्टेन म्हणजे नुसता चालू-बंद, कंट्रोल चेंज ६४.

डावा हात भात्यासारखा हळूहळू हलवायला लागल्यावर माझ्या साथीत जो जीव आला, तो महागडा आवाज विकत घेऊनही आला नव्हता.

वाळपईवाली
तेरेखोलबाब, हे वाचून अंगावर काटा आला. डाव्या हाताला काम नाही म्हणून मुलं तो हात मांडीवर ठेवून बसतात. उद्यापासून फिरकी!

घुमटवाला
साथीचा विषय निघालाच आहे तर, कुणी घुमट, आपलं मातीचं तालवाद्य, मिडी पॅडवर आणलंय का? जनरल मिडीत, म्हणजे आवाजांच्या ठरलेल्या यादीत, १० नंबरचं चॅनेल तालवाद्यांचं, त्यात बोंगो आहे, कोंगा आहे, घुमट नाही.

रातराणी
स्वतः रेकॉर्ड करून सॅम्पलरमध्ये घालता येतं. पण एक थाप पुरत नाही. डाव्या हाताने मागचं तोंड उघडं ठेवून एक, झाकून एक, अर्धवट झाकून एक, आणि प्रत्येकाच्या हलक्या-जोरकस दोन-तीन. प्रत्येकीला वेगळा नोट नंबर. झाकता झाकता जो स्वर वाकतो तो पॅडवर येत नाही, त्यासाठी पिच बेंड लावावा लागतो.

चिकाळ
चतुर्थीला घुमट खरंच हवं. पॅडवर आरती? नको बाबा.

घुमटवाला
चिकाळबाब, आरतीला खरंच घुमट, त्यात दुमत नाही. २०१९ मध्ये ते गोवा राज्याचं वारसा वाद्य झालं याचा मला अभिमान आहे, आणि घोरपडीचं कातडं बंद होऊन बोकडाचं आलं तरी वाजवणारे वाजवतायतच. मला हवंय ते परदेशातल्या भाच्याला रात्री हेडफोन लावून हात शिकवायला. शेजारी घुमट सहन करत नाहीत.

चिकाळ
भाच्यासाठी असेल तर माझ्याकडचं घुमट रेकॉर्डिंगला घेऊन जा. मातीचं, जुनं, सुंदर बोलतं.

काजूबी
ताई, टॅबचं राहिलं. अँड्रॉइड ६ पासून मिडी आतच आहे. ओटीजी अडॅप्टर (टॅबला यूएसबीची यंत्रं जोडायचा तुकडा) लावा, त्यात कीबोर्डची यूएसबी वायर किंवा तुमची गोल पिनांची वायर, दोन्ही चालतात. जुन्या आयपॅडला लाइटनिंगचा कॅमेरा अडॅप्टर लागतो, यूएसबी-सी वाल्याला साधा. टॅबची बॅटरी लवकर उतरते, म्हणून चार्जिंगचं भोक असलेला हब घ्या. आणि जोडताना टॅबवर 'यूएसबी कशासाठी' असं विचारलं तर मिडी निवडा.

वाळपईवाली
टॅब चालला. मुलांचं वाजवणंही नोंदलं जातंय, पट्टी किती वेळ दाबली ते रंगीत पट्ट्यांत दिसतं आणि मुलं स्वतःच 'बाई, माझा नि लवकर सुटला' म्हणतात. एवढ्यावरच सगळ्यांचे आभार मानावेसे वाटतात.

दोन शंका. मधेच एखादा स्वर अडकतो आणि वाजतच राहतो. आणि नोंदलेलं जरा 'सरळ' केलं तर तान कवायतीसारखी लागते.

सर्किट म्हापसा
स्वर अडकतो म्हणजे 'पट्टी सोडली' हा निरोप वाटेत हरवला. अगदी स्वस्त वायरींत आतल्या चिपला निरोपांची गर्दी झेपत नाही. कित्येक कीबोर्ड 'मी जिवंत आहे' असाही संदेश सतत पाठवत असतात, दर ३०० मिलिसेकंदांच्या आत एक, त्यातही काही वायरी गोंधळतात. सॉफ्टवेअरमध्ये पॅनिकचं बटण असतं, ते सगळ्या स्वरांना थांबायला सांगतं. नाटकाला मात्र बरी वायर घ्याच. तिथे पॅनिक शोधायला वेळ नसतो.

आपल्या हवेत आणखी एक कारण: पावसाळ्यात गोल पिनांवर हिरवट थर चढतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिन चार-पाचदा आतबाहेर करा. जून ते सप्टेंबर कीबोर्ड झाकून, पिशवीत सिलिका जेल घालून. आणि वीज कडकडायला लागली की वायरी काढून ठेवा.

रातराणी
'सरळ' करणं म्हणजे क्वांटाइझ. ते स्वरांना मात्रेच्या रेषेवर ओढून बसवतं. नोटेशन छापायचं असेल तर नक्कल काढून तिच्यावर करा, मूळ नोंद तशीच ठेवा. ताकद पन्नास टक्के ठेवली तर लय अगदी मरत नाही. विलंबित तर मुळीच सरळ करू नका.

दुसऱ्या कीबोर्डवर वाजवायला मिडी फाइल द्यायची तर फॉरमॅट ० मध्ये साठवा, अनेक कीबोर्ड तेवढंच वाचतात.

वाळपईवाली
आता मूळ इच्छा. जुना कीबोर्ड, वायर, लॅपटॉप, आणि तिथून यूएसबीने नवा. सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकचं आउटपुट नव्या कीबोर्डला दिलं. वाजतं, आणि आवाज कीबोर्डच्याच स्पीकरमधून येत असल्याने उशीर जाणवतच नाही! पण नव्या कीबोर्डवर मी ऑर्गन निवडलाय आणि वाजतो पियानो. ऑर्गनच्या जागी पियानोवर नाट्यपद कसं उभं करू?

बाणावलीचा ऑर्गनिस्ट
हे घरगुती कीबोर्डांत होतं. बाहेरून आलेले निरोप तो वेगळ्या, सोळा चॅनेलांच्या खात्यात घेतो. पॅनेलवर तुम्ही निवडलेला आवाज फक्त त्याच्या स्वतःच्या पट्ट्यांसाठी. बाहेरच्याला सुरुवातीला पियानोच. लॅपटॉपमधून चॅनेल १ वर प्रोग्राम चेंज, म्हणजे आवाज बदलायचा निरोप, पाठवा. जनरल मिडीच्या यादीत रीड ऑर्गन २१.

वाळपईवाली
२१ पाठवला. ॲकॉर्डियन वाजतोय.

अंत्रुजकर
छापील यादी १ पासून मोजते, वायरीतले आकडे ० पासून. काही सॉफ्टवेअर यादीसारखं दाखवतात, काही वायरीसारखं. तुमचं वायरीसारखं. २० घाला.

बाणावलीचा ऑर्गनिस्ट
आणि १९ घातलं तर चर्च ऑर्गन. तो आमच्याकडे पाठवा!

वाळपईवाली
२० वर ऑर्गन लागला!! नांदीचं पद वाजवलं. जुन्या पट्ट्या, नवा आवाज. थोडा पियानोच्या जोरासारखा उसळतोय.

तेरेखोल
जुन्या कीबोर्डचा टच रिस्पॉन्स बंद करा. तो पर्याय नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकची व्हेलॉसिटी (पट्टी दाबण्याचा जोर) ९० वर कायम करा. मग ११ नंबरच्या फिरकीने भाता.

मांडवीकाठी
नाटकाच्या दिवशी दिवे गेले आणि परत आले तर २० पुन्हा पाठवावा लागेल का?

अंत्रुजकर
हो. कीबोर्ड बंद झाला की तो पुन्हा पियानोवर येतो. ट्रॅकच्या सुरुवातीलाच प्रोग्राम चेंज २० आणि एक्सप्रेशन १०० असे दोन निरोप नोंदवून ठेवा, म्हणजे प्ले दाबलं की आपोआप जातील. लॅपटॉपला बॅटरी आहेच, नव्या कीबोर्डला छोटा यूपीएस द्या. जुन्यालाही त्याच यूपीएसवर घ्या, नाहीतर पट्ट्याच मुक्या होतील.